दादा, अजून किती सेट राहिलेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीड महिन्यापूर्वी ठाण्यात घराजवळ जिम लावली. ऑफिसवरून आल्यावर संध्याकाळी सात ते आठ जाता. तिथे स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन बैठका मारायचा, रॅक एकच आहे आणि त्यावर तीन मुलं पाऊण तास असतात. तुम्ही कोपऱ्यात डंबेल घेऊन वाट बघता आणि बऱ्याचदा स्क्वॉट न मारताच घरी जाता. एक काका प्रत्येक सेटनंतर येऊन चुका सांगतात. शिवाय आपल्याच हातून काही चुकतंय का, लोक हसत तर नसतील ना, ही धास्ती आहेच. जिममध्ये कसं वागायचं ते कुणी सांगतच नाही, असं तुम्ही म्हणता. ते खरं आहे. फी घेताना आम्ही वेळा सांगतो, लॉकर दाखवतो आणि थेट ट्रेडमिलवर उभं करतो.

मी गेली २३ वर्षं जिमच्या फ्लोअरवर ट्रेनर आहे. त्याआधी मुलगा होतो तेव्हा कोल्हापुरात तालमीत जायचो. तालमीत पहिले पंधरा दिवस वस्तादांनी मला एकही डाव शिकवला नाही, हातात फावडं दिलं. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, सपाट करायची. आदल्या दिवशीच्या जोडांनी तुडवलेली माती रात्रभरात घट्ट होते. तशा मातीवर पाठीवर पडलं तर माणूस जायबंदी होतो. म्हणून जो लवकर येईल त्याने मागून येणाऱ्यासाठी हौदा तयार करून ठेवायचा. चप्पल बाहेर, मारुतीला नमस्कार, मातीला हात लावून तो कपाळाला, या गोष्टी पाहुण्यांना दिसतात. फावड्याचं काम पहाटेच होऊन गेलेलं असतं, ते दिसत नाही. जिममध्ये माती नाही, मारुतीचा फोटो मात्र आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये असतो आणि खंडेनवमीला रॉड-डंबेलला झेंडूची फुलंही वाहतात. पण त्या फावड्याच्या जागी काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. आज तेच सांगतो.

आधी तुमचा रॅक.

रॅकवर तीन माणसं आहेत म्हणजे चौथ्याला जागा नाही, असं नसतं. जड स्क्वॉटचा एक सेट चाळीस सेकंदांच्या आसपास संपतो. त्यानंतर दोन ते तीन मिनिटं विश्रांती लागतेच. म्हणजे एकटा माणूस रॅक वापरतो तेव्हा बहुतेक वेळ रॉड नुसता पडून असतो. तिघांनी आळीपाळीने मारलं आणि प्रत्येकाला प्लेट बदलण्यासकट सव्वा मिनिट लागलं, तर आपली पाळी पावणेचार मिनिटांनी परत येते. सेट सोडून तीन मिनिटं विश्रांती मिळते, म्हणजे जेवढी हवी तेवढीच. चार जण झाले तर पाळी पाच मिनिटांनी येते. थोडं लांबतं, पण चालतं. पाचव्याने मात्र थांबावं. पाऊण तास रॅक अडतो तो सेटमुळे नाही. तिघांपैकी दोघं फोनवर असतात आणि तिसरा कालच्या मॅचबद्दल बोलत असतो, म्हणून अडतो.

आता विचारायचं कसं. एवढंच म्हणा, "दादा, अजून किती सेट राहिलेत?" उत्तर "दोन" आलं तर थांबा. "चार-पाच" आलं तर लगेच, "मग अल्टरनेट मारूया का? प्लेट मी काढते-लावते." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यांना तुमची अडचण वाटत नसते, प्लेट बदलायचा कंटाळा असतो. ते शंभर किलोवर मारतात, तुम्ही तीसवर, मग दर वेळी एवढं काढून परत कोण लावणार, असं मनात येतं. तो भार तुम्ही उचलताय हे कळलं की दहापैकी नऊ मुलं स्वतःहून प्लेट काढायला पुढे येतात. हे मी रोज पाहतो.

विचारायची वेळही पाळा. माणूस रॉडखाली असताना, श्वास धरलेला असताना विचारू नका. रॉड रॅकवर ठेवला, दोन श्वास घेतले, नजर वर आली, की विचारा. कानात इअरफोन असेल तर मागून खांद्याला हात लावू नका. समोर, आरशात दिसाल असं उभं राहून हात वर करा.

एकदा अल्टरनेट सुरू झालं की तुम्हीही त्यांच्यातल्या एक. आपला सेट झाला की रॉडपासून बाजूला व्हायचं, पुढच्याचं वजन लावायला हात द्यायचा आणि तो मारत असताना त्याच्या आणि आरशाच्या मधून जायचं नाही. पाठीवर वजन घेतलेला माणूस आरशातला एकच बिंदू धरून असतो. मध्ये कुणी आलं की नजर हलते, नजरेबरोबर मान आणि मानेबरोबर कंबर.

प्लेट काढण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी डोळ्यांदेखत होताना पाहिली आहे. बेंचच्या, म्हणजे आडवं पडून छातीवरून रॉड ढकलायच्या बाकाच्या, स्टँडवर रॉड होता, दोन्ही बाजूंना वीसच्या तीन-तीन प्लेट. मुलगा नवीन, आज्ञाधारक. वापरून झालं की प्लेट काढून ठेवायच्या, हे त्याला मीच सांगितलं होतं. त्याने उजव्या बाजूच्या तिन्ही प्लेट एकामागून एक काढल्या. तिसरी निघाली आणि डावीकडच्या साठ किलोंनी रॉड तराजूसारखा उलटला. मोकळं टोक हवेत उडालं आणि त्याच्या हनुवटीला लागलं. सात टाके पडले. थोडं वर लागलं असतं तर दात गेले असते, डोळाही गेला असता. चूक त्याची नव्हती. काढायचं सांगितलं, कसं काढायचं ते मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे दाखवतो: एक प्लेट या बाजूची, मग एक त्या बाजूची. दोन्ही बाजूंमध्ये एका प्लेटपेक्षा जास्त फरक कधीच पडू द्यायचा नाही. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा. आपल्याकडच्या जुन्या जिममधले साधे रॉड त्याहून बरेच हलके असतात आणि बेंचचे स्टँड अरुंद असतात. असा रॉड आणखी लवकर उलटतो. रॉड कोणता आहे हे माहीत नसेल तर ट्रेनरला विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.

आणि प्लेट काढून ठेवायच्या म्हणजे ठेवायच्याच. तुम्ही शंभर किलो लावून निघून गेलात आणि मागून साठ वर्षांचे आजोबा किंवा तुमच्यासारखी नुकतीच सुरुवात केलेली बाई आली, तर तिने आधी ऐंशी किलो लोखंड उतरवायचं का? लेगप्रेसवर तर मी दोन्ही बाजूंना मिळून वीसच्या दहा प्लेट लटकवून गेलेले लोक पाहतो. पायाने दोनशे किलो ढकलता येतात, मग हाताने एकेक प्लेट उतरवायला जड का जावी? वीसच्या स्टँडवर वीसची, दहाच्या स्टँडवर दहाची. अडीच आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेट मोठ्यांच्या मागे लपल्या की पुढचा माणूस दहा मिनिटं शोधत फिरतो. मग वैतागून दोन्हीकडे पाच-पाच किलोची उडी घेतो, आणि दुखापत इथूनच सुरू होते.

डंबेलचंही तसंच. साडेसातच्या जोडीतला एक इकडे, दुसरा तिकडे, असं झालं की संध्याकाळच्या गर्दीत अर्ध्या लोकांचा व्यायाम जोडी शोधण्यात जातो. गोल डंबेल जमिनीवर सोडले तर घरंगळतात आणि मागे सरकणाऱ्याच्या टाचेखाली येतात. स्टँडवरून डंबेल उचलले की दोन-तीन पावलं मागे या. नवीन माणूस लाजून स्टँडला खेटून उभा राहतो आणि तिथेच बायसेप मारतो. त्यामुळे दुसऱ्या कुणालाच डंबेल घेता येत नाहीत. तुम्ही कोपऱ्यात उभ्या असता असं लिहिलंय. तो कोपरा स्टँडसमोरचा तर नाही ना, एवढं पाहा.

वजन आपटण्याबद्दल वाद खूप होतात. रबरी बंपर प्लेट आणि खाली जाड मॅट असेल तर जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचललेला रॉड, शेवटी सोडली तरी चालते. लोखंडी प्लेट आणि खाली फरशी असेल तर नाही. आपल्या शहरांतल्या बऱ्याच जिम दुकानांवर, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात. खाली दवाखाना किंवा कुणाचं तरी घर असतं. सोसायटीच्या जिममध्ये तर वर-खाली बाळं झोपलेली असतात. जेवढं खाली ठेवता येतं तेवढंच उचला, हा माझा साधा नियम. शेवटच्या रेपला, म्हणजे सेटमधल्या शेवटच्या उचलीला, तोंडातून हुंकार निघाला तर त्याला मी हरकत घेत नाही, तो अंगातून येतो.

सपोर्ट मागणं आणि देणं यात लोक सर्वात जास्त संकोचतात. बेंचवर जड मारताना सपोर्ट मागायलाच हवा. तोही नेमका मागायचा: "आठ मारायचेत, सहाच्या पुढे लक्ष ठेवा, मी सांगेपर्यंत हात लावू नका." देणाऱ्याने डोक्यामागे पाय रोवून उभं राहायचं, हात रॉडखाली पण रॉडपासून सुटे ठेवायचे. रॉड वर जायचा थांबला किंवा खाली येऊ लागला, तरच धरायचं. पहिल्या रेपपासून रॉड ओढत राहणं आणि वर "तूच मारतोयस" असं ओरडणं ही मदत नव्हे. त्याने किती मारलं हे त्याचं त्यालाच कळत नाही. सपोर्ट देताना फोन खिशात ठेवा, नजर रॉडवर. जमणार नसेल तर सरळ "मला जमणार नाही, ट्रेनरला सांगतो" म्हणा. कुणालाच विचारायचं नसेल आणि एकट्यानेच बेंच मारायचा असेल, तर दोन रेप बाकी राहतील एवढं वजन घ्या आणि रॉडला लॉक, म्हणजे प्लेट घसरू नये म्हणून लावायची क्लिप, लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलवून प्लेट सोडता येतात. मात्र तेव्हा शेजारी कुणी उभं नाही, हे आधी बघा.

स्क्वॉटसाठी बायकांना मी आवर्जून सांगतो: रॅकच्या आडव्या सेफ्टी पट्ट्या, आपण पूर्ण खाली बसल्यावर रॉड जिथे येतो त्याच्या थोड्या खाली लावा. मग मागून कुणी कवटाळून सपोर्ट द्यायची गरजच उरत नाही. अडकलं तर खाली बसायचं, रॉड पट्ट्यांवर राहतो. मुलांनी अल्टरनेटला घेतलं तर पट्ट्यांची उंचीही तुमच्यासाठी बदलून घ्या, संकोच करू नका.

आता घाम. हा भाग सांगताना लोकांना कसंतरी वाटतं, म्हणून कुणी सांगत नाही आणि त्रास सगळ्यांना होतो. दोन नॅपकिन आणा. एक अंग पुसायला, एक बेंचवर अंथरायला. केसांना खोबरेल तेल लावून आलात तर डोक्याखाली नॅपकिन हवाच. रेक्झिनवर तेल मुरलं की तो डाग जात नाही आणि पुढच्याची मान घसरते. उठताना बेंच पुसा. जिममध्ये स्प्रे असेल तर तो फडक्यावर मारून पुसा, ट्रेडमिलच्या स्क्रीनवर थेट मारू नका, आत पाणी जाऊन स्क्रीन बंद पडते. अंगावर नायटा किंवा गजकर्ण असेल तर बरं होईपर्यंत सुट्टी घ्या. हे ओलसर कपड्यातून आणि सामायिक नॅपकिनमधून पसरतं. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज तात्पुरती थांबते, पण नायटा आतून वाढत राहतो आणि पुढे औषधांनाही लवकर दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ही लाजेची गोष्ट नाही. माझ्या एका बॅचमध्ये एकाने लपवलं आणि महिन्याभरात पाच जण खाजवत होते.

जिमचे बूट वेगळे ठेवा, बाहेर घालायचे वेगळे. जून ते सप्टेंबर तर याला पर्यायच नाही. पावसात रस्त्यावरच्या चिखलाचे बूट घालून कुणी आत आलं की रबरी मॅट निसरडी होते, आणि त्याच मॅटवर पाच मिनिटांनी कुणीतरी हातात दोन डंबेल घेऊन लंज, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकायचा व्यायाम, मारायला येतो. ओली छत्री, रेनकोट दारातच. अत्तर, डिओ भरपूर मारून येऊ नका. शेजारचा माणूस तोंड उघडून जोरजोरात श्वास घेत असतो, त्याच्या छातीत तो सगळा वास जातो. आंघोळ करून स्वच्छ टी-शर्ट घातला की पुरे.

ट्रेडमिलबद्दल एकच सांगतो. पट्टा चालू ठेवून उतरू नका. पाणी प्यायला म्हणून लोक बाजूच्या कडांवर पाय ठेवून उतरतात आणि गप्पांत विसरतात. पुढची बाई पट्टा थांबलाय समजून पाय टाकते आणि तोंडावर पडते. वेग आणि चढ दोन्ही शून्यावर आणून मगच खाली उतरा. गर्दीच्या वेळी वीस मिनिटं झाली की दुसऱ्याला द्या.

फोन. सेटमधल्या विश्रांतीत बघा, कुणी अडवणार नाही, पण बेंचवर बसून नको. उठून बाजूला व्हा. कॉल आला तर बाहेर जा. व्हिडिओ काढायचा तर स्वतःचा काढा, आणि कॅमेऱ्यात मागे कुणी येत असेल तर आधी विचारा. तुम्हाला कुणी न विचारता टिपत असेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझा व्हिडिओ डिलीट करा" म्हणा आणि डिलीट होईपर्यंत समोरून हलू नका. हा शिष्टाचाराचा नाही, तुमच्या हक्काचा विषय आहे. ट्रेनरने किंवा मालकाने अशा वेळी तुमच्या बाजूने उभं राहायलाच हवं.

काकांकडे वळतो. ते वाईट नसावेत. तरुणपणी त्यांनी खूप मारलेलं असतं, आता खांदा साथ देत नाही आणि शिकवण्यात त्यांना आपले जुने दिवस परत मिळाल्यासारखं वाटतं. मला त्यांच्याबद्दल कळवळा आहे. पण दर सेटला येणं चूक आहे, आणि ते तुम्ही सांगायला हवं. पहिल्यांदा: "काका, धन्यवाद. मी ट्रेनरने दिलेलं शेड्यूल करतेय, बदललं तर तो गोंधळेल." दुसऱ्यांदा: "काका, सेट चालू असताना माझं लक्ष जातं, नंतर बोलूया." तिसऱ्यांदा आले तर ट्रेनरला सांगा, तोंडी नको, मेसेज करा, म्हणजे त्याला विसरता येणार नाही. बोलताना ते अंगाला हात लावत असतील, कंबर "सरळ" करत असतील, तर पहिली-दुसरी वेळ मोजू नका, त्याच क्षणी थांबवा. मी स्वतः इतक्या वर्षांनीही "हात लावू का?" असं विचारल्याशिवाय कुणाची पाठ सरळ करत नाही. "नको" म्हटलं की तोंडी सांगतो किंवा स्वतः करून दाखवतो.

ज्यांना दुसऱ्याची चूक दिसतेच त्यांच्यासाठी माझी रेघ अशी: समोरच्याला आत्ता, या सेटमध्ये इजा होणार असेल तर बोला. रॉड एका बाजूला कलला असेल, लॉक निसटत असेल, डेडलिफ्टला पाठ कुबडासारखी वाकली असेल तर. बाकी कोपर दोन इंच आत हवं की बाहेर, हे विचारलं तर सांगा.

यात आम्हा ट्रेनर मंडळींचाही दोष आहे, तो सांगायला हवा. पर्सनल ट्रेनिंगचे जास्त पैसे देणाऱ्या माणसासाठी आम्ही केबल मशीनवर टॉवेल टाकून जागा धरून ठेवतो. गर्दीत एका वेळी तीन मशीन धरणारेही पाहिले आहेत. वर्षाची साधी फी भरणाऱ्या माणसाला तेवढ्याच मशीनवर तेवढाच हक्क आहे. तुमच्या जिममध्ये असं होत असेल तर टॉवेल उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवा आणि सेट सुरू करा. ट्रेनर आला तर "माझे तीन सेट आहेत, तुमच्या क्लायंटना मध्ये घेते" म्हणा.

लोक हसत असतील का, असं तुम्ही विचारलंत. संध्याकाळी सातला फ्लोअरवर चाळीस माणसं असतील तर त्यातली अडतीस आरशात स्वतःकडे बघत असतात. जुनी, जड मारणारी मुलं नवीन माणसाला फारसं न्याहाळत नाहीत. ती फक्त हे पाहतात की जाताना त्याने प्लेट जागेवर ठेवली की नाही. ठेवणाऱ्याला पुढच्या आठवड्यात न मागता सपोर्ट मिळतो.

सोमवार टाळता आला तर टाळा. सोमवारी निम्म्या जिमचा चेस्टचा दिवस असतो. बेंच मिळत नाहीत आणि बेंच न मिळालेले लोक रॅकमध्ये घुसतात. मंगळवारी किंवा बुधवारी सातला पाच मिनिटं कमी असताना जा. त्या तिघांपैकी जो रॉड ठेवून बाजूला होईल त्याला विचारा, किती सेट राहिलेत. छोट्या प्लेट आधीच हातात घेऊन उभ्या राहा. पहिले दोन दिवस नुसत्या रॉडवर मारलंत तरी चालेल. मग खोली, पाय किती लांब ठेवले, रॉड पाठीवर कुठे टेकला, ते मला कळवा, पुढचं वजन आपण त्यावरून ठरवू.